माझ्यातून कधी न गेलेला श्वास

त्या दिवशी वारा पुरता पडला होता. आभाळ खाली उतरलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि आमच्या भट्टीच्या धुराड्यातला धूर वर जायचं सोडून छपरावरच पाय पसरून बसला होता. अशा हवेत धडधाकट माणसालाही जड जड वाटतं, मग माझ्या धन्याचं काय विचारता? तो खाटेवर तीन उशांना टेकून बसला होता. दोन शब्द बोलायचा आणि तिसऱ्यासाठी थांबायचा. मी त्याच्या उशाशी भिंतीला टेकून उभा होतो.

मी म्हणजे काच फुंकायचा लोखंडी नळा. उंचीला माणसाच्या खांद्याएवढा, जाडीला अंगठ्याएवढा, आतून आरपार पोकळ. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण साठ वर्षं माणसांचा श्वास माझ्या पोटातून गेला आहे, त्या बळावर चार गोष्टी सांगतो. तुम्हाला घाई असेल तर खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. मी सावकाशच बोलणार. घाईने फुंकलेली काच एका अंगाला पातळ होते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

माझा जन्म एका लोहाराकडे झाला. लांब नळीचा एक तुकडा कापला, एक टोक तापवून जाड केलं, दुसरं घासून घासून ओठांना लागणार नाही असं गुळगुळीत केलं, झालं माझं बारसं. तिथून मी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. तो कंदिलाच्या काचा आणि औषधाच्या बाटल्या फुंकायचा. माझं जाड टोक भट्टीत बुडवायचा, मधासारखी वितळलेली काच त्याला गुंडाळून घ्यायचा, आणि दुसऱ्या टोकाला ओठ लावून हलकीशी फुंकर घालायचा. तेवढ्यात त्या लाल गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा जागा व्हायचा. किती वेळा पाहिलं तरी माझी हौस फिटली नाही.

एके दिवशी एक विशीतला तरणा गडी काम मागायला आला. तोच माझा धनी. म्हाताऱ्याने मला त्याच्या हातात दिलं आणि पहिला धडा दिला. "हे बघ. नळा तोंडाला लागला की बाहेर. नेहमी बाहेर. आत ओढायचं नाही. पलीकडे आग आहे. एकदा ओढलंस तर छाती आतून भाजेल."

पोराने मान डोलावली. आणि तिसऱ्याच दिवशी, दम संपला म्हणून, ओठ न काढता श्वास घेतला. नशीब बलवत्तर म्हणून काच तेव्हा थंडावत आली होती. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात अशी टप्पल मारली की माझ्या पोटात घुमलं. त्यानंतर चाळीस वर्षांत माझ्या धन्याने एकदाही, चुकूनसुद्धा, आत ओढलं नाही. ओठांना नळी लागली की त्याची छाती आपोआप बाहेर ढकलायची. ती सवय हाडात मुरली.

त्यामुळे झालं काय, की मला माणसाचा निघालेला श्वास तेवढा ठाऊक. ऊन, ओलसर, घर सोडून निघालेला. धन्याचं मन कसं आहे ते मी फुंकरीवरून ओळखायचो. रागात असला की फुंकर दोन तुकड्यांत यायची. त्याला लेक झाली त्या दिवशी तर ती अशी थरथरत आली की बाटलीला बाक आला. ती वाकडी बाटली अजून घरात आहे. पण तो श्वास येतो कुठून, आत जाऊन काय करून येतो, हे मी कधी मनावर घेतलं नाही. पाहुणा दारातून जाताना दिसतो, येताना दिसत नाही, तशातली गत.

मग धन्याच्या पित्ताशयात खडे झाले. दवाखान्यात पोटावर वीतभर चीर देऊन ते काढले. घरी आला तेव्हा तो जपून चालत होता, जपून हसत होता आणि सगळ्यात जपून श्वास घेत होता. जोरात घेतला की टाके ओढायचे. म्हणून वरचेवर, चिमणीने पाणी प्यावं तसा इवला इवला घ्यायचा. कारखान्याला लागूनच घर. मधलं दार उघडं ठेवलं की खाटेवरून भट्टी दिसायची. भट्टी लेकीने चालू ठेवली होती. ती काचा फुंकायला बापाकडूनच शिकलेली.

"माझा नळा आणून ठेव इथं," धनी म्हणाला होता. "एकटं वाटतं."

दवाखान्यातून त्याच्याबरोबर एक प्लॅस्टिकचं खेळणंही आलं होतं. तीन उभे खण, प्रत्येक खणात एक रंगीत गोळी, आणि बाजूला तोंडात धरायची लवचीक नळी. रोज तासातासाला दहा वेळा करायचं, असं सांगून पाठवलं होतं. धन्याने दोन दिवस केलं. गोळ्या जागच्या हलेनात. तिसऱ्या दिवशी त्याने ते खाटेखाली सारलं. "बिघडलेलं दिलंय," म्हणाला. त्याला कसली शंका येणार? गावातल्या कुणाही माणसापेक्षा आपली फुंकर भारी, हे त्याला पक्कं ठाऊक.

तर त्या वारा पडलेल्या दिवशी दवाखान्यातून श्वासाच्या बाई आल्या. ज्यांचा दम गेला आहे त्यांना तो परत मिळवून देणं हेच त्यांचं काम. शेजारी पंक्चरकाकाही समाचाराला येऊन बसले होते. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. धन्याचे ते जुने दोस्त, आणि दोस्तीची खूण म्हणून दोघे रोज भांडायचे.

बाईंनी धन्याच्या बोटाला एक चिमटा लावला. त्यावर आकडा उजळला. "एक्क्याण्णव," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसू थोडं मागे सरलं.

"शंभरात एक्क्याण्णव?" पंक्चरकाका म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा पास झाला की हा!"

"काका, इथे पंच्याण्णवच्या खाली आम्हाला आवडत नाही. नव्वदच्या खाली गेला तर लगेच दवाखाना." बाईंनी धन्याच्या पाठीला कानातली नळी लावली. वर ऐकलं, खाली ऐकलं. खाली बराच वेळ ऐकत राहिल्या. "तळाला हवाच जात नाहीये. गोळ्यांचं यंत्र करता ना?"

"ते बिघडलंय," धनी म्हणाला, आणि थांबून पुढचा श्वास घेतला. "बघा तुम्हीच."

लेकीने खाटेखालून ते काढून पुसून दिलं. धन्याने नळी ओठांत धरली, गाल ताठ केले, आणि पोटाचं दुखणं विसरून अशी फुंकर मारली की त्याच्या कानशिलाच्या शिरा उभ्या राहिल्या. गोळ्या ढिम्म.

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. "अहो काका, फुंकताय काय? हे ओढायचं असतं. आत! आत ओढलं की गोळ्या वर जातात."

पंक्चरकाकांनी गुडघ्यावर थाप मारली. "अरे गड्या, माझ्या पंपाची दांडी तरी बघून शिकायचंस. आधी वर ओढतो, तेव्हा ना खाली दाबतो!"

धनी मात्र हसला नाही. त्याने पुन्हा नळी तोंडात धरली. आत ओढायचं ठरवून धरली, ते मला दिसत होतं. आणि ओठांना नळी लागली तशी त्याची छाती थबकली, आणि फुंकर बाहेरच पडली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्याने नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, मला लाज वाटली. त्याला ही सवय मीच लावली होती ना.

लेकीने बाईंना तो जुना धडा सांगितला. बाईंचं हसू एकदम गेलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. उघड्या दारातून पलीकडे फळीवर लेकीने सकाळी फुंकलेले इवले काचेचे फुगे ठेवले होते. त्यातला एक त्यांनी मागून घेतला.

"काका, तुमच्या छातीत असे फुगे आहेत. पण मोहरीच्या दाण्याहून बारीक. आणि किती? चाळीस-पन्नास कोटी."

"कोटी?" पंक्चरकाका म्हणाले. "एवढ्यांना जागा कुठाय याच्या छातीत? बरगड्या तेवढ्या दिसतात."

"सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या ना, तर हे घर झाकेल आणि तुमचं दुकानही झाकेल. आणि भिंत किती पातळ? केस उभा चिरून शंभर पापुद्रे काढले, तर त्यातल्या एकाएवढी."

धन्याचे डोळे चमकले. पातळ भिंतीची किंमत त्याच्याएवढी कुणाला कळणार? "एवढी पातळ... कोण फुंकतो?" तो म्हणाला.

"तुम्हीच. जन्मल्यावर पहिलं रडलात तेव्हापासून." बाई फुग्यावरून बोट फिरवत म्हणाल्या. "आता या भिंतीच्या बाहेरून रक्ताच्या बारीक बारीक वाटा जातात. इतक्या अरुंद की रक्तातले लाल कण एकामागे एक, रांगेत जातात. फुग्यात ताजी हवा असते, तिच्यात प्राणवायू भरपूर. रक्त सगळ्या अंगाची चाकरी करून आलेलं असतं, त्याच्याकडे प्राणवायू कमी. मग जिकडे जास्त तिकडून कमीकडे तो आपसूक जातो. भिंतीतून पार. कुणी ढकलावं लागत नाही."

"आणि बदल्यात?" लेकीने विचारलं.

"रक्ताने अंगातून गोळा करून आणलेला कर्बवायू असतो. तो रक्तात जास्त, फुग्यात कमी. म्हणून तो उलट्या वाटेने फुग्यात येतो, आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. एकाच भिंतीतून एक आत, एक बाहेर. रक्ताचा कण त्या भिंतीशी सेकंदभरही थांबत नाही, तेवढ्यात सगळं उरकतं."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि माझं लोखंड जणू गार पडत चाललं होतं. आमच्या धंद्यात भिंत म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ न देणारी. झिरपली ती बाटली फोडून पुन्हा भट्टीत. आणि तिकडे माणसाच्या छातीत भिंतीचं मोठेपण हेच, की तिने जाऊ द्यायचं! म्हणजे साठ वर्षं माझ्यातून जो ऊन श्वास गेला, तो एवढं सगळं देणं-घेणं करून आलेला होता. आणि मी त्याला साधी वाफ समजत होतो.

"मग माझं... काय बिघडलंय?" धन्याने विचारलं.

"बिघडलं काही नाही. मिटलंय. दुखतं म्हणून तुम्ही वरवरचा श्वास घेता. तळाचे फुगे न फुगल्यामुळे मिटून बसलेत. रक्त नेहमीसारखं त्यांच्या दारावरून जातं, पण आत हवाच नाही, तर ते रिकाम्या हाताने पुढे जातं. म्हणून आकडा कमी. असंच राहिलं तर तिथे कफ साचेल, ताप येईल, न्यूमोनिया होईल." बाईंनी दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांशी बोलल्या आणि म्हणाल्या, "परवा सकाळी मी येते. आकडा चढला तर इथेच. नाही चढला किंवा ताप आला तर परत भरती. आधीही काही वाटलं तर मला फोन करा." निघताना त्यांनी एक उशी धन्याच्या पोटाला लावून दाखवली. श्वास घेताना आणि खोकताना अशी दाबून धरायची, म्हणजे टाके कमी ओढतात.

म्हणजे दोन दिवस होते. तेवढ्यात चाळीस वर्षं उलटी फिरवायची.

पहिला दिवस वाया गेला. नळी तोंडात, फुंकर बाहेर. नळी तोंडात, फुंकर बाहेर. नुसता, नळीशिवाय मोठा श्वास घ्यायला सांगितला तर दुखण्याच्या धास्तीने अर्ध्यावरच सोडायचा. बाईंनी ठेवून दिलेल्या चिमट्यावर संध्याकाळी आकडा नव्वद झाला. धन्याने यंत्र बाजूला ठेवलं. "जन्मभर... देतच आलो," तो मला म्हणाला, जवळ दुसरं कुणी नव्हतं. "घ्यायचं... विसरलो बघ." फोन करावा का, म्हणून लेक मघापासून दारात घुटमळत होती. शेवटी तिने केला. बाईंनी रात्रभर उशाला टेकवून बसतं ठेवा, पाणी द्या, नव्वदच्या खाली गेला तर क्षणभरही थांबू नका, असं सांगितलं. रात्रभरात आकडा खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक भट्टीशी काम करत होती. धनी खाटेवरून बघत होता, त्याला दुसरा विरंगुळा तरी काय? तिने माझ्या धाकट्या भावाला भट्टीत बुडवलं, लाल गोळा वर काढला, आणि ओठ लावण्याआधी छाती भरून घेतली. सहज तिची नजर दारातून आत आली. आणि ती तशीच थांबली, गोळा खाली ओघळायला लागला तरी.

खाटेवर बसलेल्या बापानेही छाती भरली होती. तिच्याबरोबर. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

गोळा भट्टीत परत टाकून ती धावतच आली. "बाबा! तुम्ही ओढता की! रोज ओढत होतात. फुंकायच्या आधी माणूस ओढतोच ना? नळ्याला तोंड लावायच्या आधी!"

खरं सांगतो, साठ वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्यातून तो श्वास कधी गेलाच नव्हता, मग मला कसा कळणार? ओठ माझ्यापर्यंत पोचायच्या आतच तो झालेला असायचा.

तिने पंक्चरकाकांना हाक मारली. उशी धन्याच्या पोटाला दाबून धरली आणि मला त्याच्या हातात दिलं, माझं जाड टोक खाटेच्या पायथ्याच्या दांडीवर टेकवून. बाकावर बसून काम करताना टेकवतात तसं. "काका, तुम्ही यंत्र धरा. बाबा, डोळे मिटा. गोळा काढलाय. फिरवा."

धन्याच्या बोटांना सांगावं लागलं नाही. ती मला फिरवायला लागली. पुढे, मागे. पुढे, मागे. कितीतरी दिवसांनी. 

"काच खाली येतेय बाबा. धरा. आता फुंकायचंय."

त्याची छाती उचलली. पंक्चरकाकांनी घाईने नळी त्याच्या ओठांत दिली. ओठांना लागली आणि फुर्रर! काकांच्या तोंडावर थुंकीचा शिडकावा.

"अरे, पाण्याने चाकं धुतात, माझं तोंड नव्हे!" काका ओरडले. धनी हसला आणि उशी दाबून कळवळला.

"नळी आधीच ओठांत राहू दे," लेक म्हणाली. "बाबा, तिच्याकडे लक्षच देऊ नका. नळा हातातला, तोच खरा. तो अजून तोंडाला लागलेला नाही. फुंकायच्या आधी जे करता तेवढंच करा आणि थांबा. फुंकायचं मी बघते."

दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा नाही. पाचव्यांदा फुंकर आली पण मध्येच विरली, दारात येऊन परत फिरावं तशी. मी त्याच्या तळहातांत फिरत होतो आणि माझ्या अंगात जेवढा जोर होता तेवढा लावून म्हणत होतो, मी लागलेलो नाही रे बाबा, मी इथे आहे, तू घे, तू घे.

सातव्यांदा पहिली गोळी थरथरली. टुकदिशी वर गेली आणि खाली पडली.

"गेली!" पंक्चरकाका किंचाळले. "गेली गं, वर गेली! आईशपथ, मी हात नाही लावला!"

धन्याने डोळे उघडले. कुणी काही बोलायच्या आत त्याने पुन्हा मिटले आणि म्हणाला, "काच... खाली येतेय. फिरवू दे."

दुपारपर्यंत पहिली गोळी वरच राहायला लागली. दुखत होतं, घाम येत होता, तासाला दहा वेळा आणि मध्ये विसावा. मग खोकला आला. लेकीने उशी दाबून धरली, आणि तळाशी अडकलेलं बरंच काही बाहेर पडलं. संध्याकाळी दुसरी गोळी हलली. माझी गरज संपत आली होती, तरी धनी मला मांडीवर घेऊनच बसला.

ठरलेल्या सकाळी बाई आल्या. आधी कानातली नळी पाठीला लावली आणि डोळे मिटून तळ ऐकला. "चुरचुरतंय," म्हणाल्या. "चुरगळलेला कागद उलगडावा तसा आवाज येतोय. काका, फुगे उघडतायत." मग चिमटा लावला. लेक दाराची चौकट धरून उभी होती. आकडा जरा इकडे-तिकडे झाला आणि स्थिरावला. चौऱ्याण्णव.

"भरती?" लेकीने विचारलं.

"कशाला? आहे तेच चालू ठेवा," बाई म्हणाल्या. मग मला उचलून वजन करावं तसं हातात तोललं. "हे यंत्र आमच्याकडे नाही बघा."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. आकडा सत्त्याण्णववर असतो. पोटाची जखम पुरती भरेपर्यंत बाईंनी धन्याला फुंकायला मनाई केली आहे, म्हणून हल्ली मी लेकीकडे असतो. धनी शेजारी बाकावर बसून मला फिरवून देतो, ती फुंकते. माझी ओठांकडची कड झिजली आहे आणि मधे थोडा बाक आला आहे. एखाद्या दिवशी मला वितळवून दुसरं काही करतील, त्याचं वाईट वाटत नाही. आता फुंकर आली की मी तिला ओळखतो. कुठल्या भिंतीशी जाऊन, काय देऊन आणि काय घेऊन आली आहे ते मला ठाऊक आहे.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. दिवसातून कधी तरी हातातलं काम ठेवा आणि तळापर्यंत श्वास घ्या. खालचे फुगे गरीब असतात, बोलावल्याशिवाय येत नाहीत. आणि दुखलं-खुपलं म्हणून वरवर जगायची सवय लावून घेऊ नका.

आज सकाळी पंक्चरकाकांनी तीन सायकली आमच्या दारातच आडव्या लावल्या. लेक काचांची टोपली घेऊन बाहेर पडत होती, अडखळता अडखळता वाचली. धनी उठला, दारात गेला आणि म्हणाला, "हे दार आहे की तुझी मोरी, चाळीस वर्षं सांगतोय तुला की चाकं तुझ्या भिंतीला लाव, पण तुझ्या डोक्यातली हवा जी एकदा गेली ती काही परत भरली नाहीस, आता काच फुटली असती तर काय या टायरांत पाणी पीत बसलो असतो का आम्ही?"

पंक्चरकाका पाना हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पाना खाली ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "एका दमात बोललास रे गड्या. पुन्हा बोल. मी सायकली नंतर हलवतो."